समदुःख्याचा कैवार

मीरा-भाईंदर हे वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरचे शहर. उत्तनच्या कोळीवाड्यांपासून काशीमिऱ्याच्या नाक्यापर्यंत पसरलेले, १९८५ साली नगरपरिषदेचा आणि २००२ साली महानगरपालिकेचा दर्जा मिळालेले, २०११च्या शिरगणतीत आठ लाख नऊ हजारांवर पोहोचलेले. परंतु या लाखोंतील एखाद्याचे चित्त ढळले आणि घरच्यांना किंवा पोलिसांना त्याला कोठेतरी ठेवणे भाग पडले, तर त्याची वाट आजही बहुधा ठाण्याच्या मनोरुग्णालयाकडेच जाते. नातेवाइकाने भेटीस जायचे म्हटले, तर दादरपर्यंत एक लोकल आणि तेथून दुसरी धरावी, किंवा घोडबंदर मार्गावरील अवजड वाहनांच्या रांगेत बसमध्ये ताटकळावे. भेट आटोपून घरी परतेपर्यंत त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते. या गैरसोयीचा उल्लेख प्रारंभीच करण्याचे कारण असे की, मनोरुग्णालयात अडकून पडलेल्या माणसाच्या वतीने कोणी बोलावे, या प्रश्नाला आपल्या समाजाने व कायद्याने आजवर ‘त्याच्या नातेवाइकांनी’ एवढेच उत्तर दिले आहे. आणि ते उत्तर अंतराने, दारिद्र्याने, लोकलज्जेने व कित्येकदा निखळ स्वार्थानेही पोकळ होत गेले आहे.

ठाण्याचे मनोरुग्णालय नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून १९०१ साली उभे राहिले. नागपूर, रत्नागिरी, येरवडा आणि ठाणे अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये महाराष्ट्र सरकार दीर्घकाळ चालवीत आले असून त्यांच्या मंजूर खाटा अनुक्रमे ९४०, ३६५, २५४० व १८५० अशा सांगितल्या जातात. म्हणजे ठाणे हे केवळ एक इस्पितळ नसून एका मध्यम आकाराच्या गावाएवढी वस्ती आहे, आणि गावाला असतात तशा तिलाही सीमा, दप्तर, पंगत, मुकादम आणि अफवा आहेत. ठाणे व मुलुंड यांच्या दरम्यान योजलेल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी या वस्तीच्या जमिनीचा काही भाग मुक्रर झाला व तिच्या हस्तांतराचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या जमिनीची वार्ता वर्तमानपत्रांत जितक्या वेळा आली, तितक्या वेळा त्या जमिनीवर राहणाऱ्या माणसांची आली नाही, हे जाता जाता नमूद करण्यास हरकत नसावी.

आत राहणारे सगळेच दीर्घकाळ राहतात असे नाही. बहुतेकांचा मुक्काम काही आठवड्यांचा असतो, औषध लागू पडते, आणि कोणीतरी न्यायला येते. प्रश्न आहे तो ज्यांना न्यायला कोणी येत नाही त्यांचा. देशातील ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एक तृतीयांशाहून अधिक रहिवासी वर्षापेक्षा जास्त काळ तेथेच असल्याचे आढळले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेच्या निमित्ताने महाराष्ट्रातील रुग्णालयांत दहा-दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या, आणि त्यांपैकी घरी जाण्यास योग्य ठरलेल्या माणसांची गणती सरकारला करावी लागली, ती शेकड्यांत निघाली. त्याआधी, २०२१ साली, बऱ्या झालेल्यांना मनोरुग्णालयातून भिक्षेकरीगृहात व वृद्धाश्रमात हलविण्याची महाराष्ट्रातील प्रथा तात्काळ थांबवावी, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले होते. म्हणजे खाटा रिकाम्या करण्याचा जो सोपा मार्ग सापडला होता, तो एका भिंतीआडून दुसऱ्या भिंतीआड नेण्याचा होता. या गर्दीत बौद्धिक अपंगत्व असलेले आहेत, ज्यांना २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळले आहे. मूकबधिर असू शकतात, ज्यांच्या हातवाऱ्यांना भ्रमिष्टपणा समजले गेले. आणि मराठी वा हिंदी न जाणणारे दूरदेशीचे लोक असू शकतात, ज्यांची भाषा कळणारा एकही कर्मचारी पाळीवर नसतो.

अशा माणसाची कैफियत ऐकण्यासाठी बाहेरचा कोणी आत यावा, ही कल्पना सरकारला नवी नाही. १९१२च्या भारतीय लुनसी अ‍ॅक्टाने प्रत्येक वेड्यांच्या इस्पितळावर ‘व्हिजिटर’ नेमण्याची तजवीज केली होती. महिन्यातून एकदा तरी दोघांनी मिळून सर्व कोठड्यांची तपासणी करावी व त्यांतील एक वैद्यकीय अधिकारी असावा, असा दंडक होता. १९८७च्या कायद्याने हीच व्यवस्था किंचित वाढवून पुढे चालविली. या तपासनिसांत तुरुंग खात्याचे वरिष्ठ, सिव्हिल सर्जन आणि गावातील प्रतिष्ठित गृहस्थ असत. ते स्वयंपाकघराची स्वच्छता पाहत, चादरी मोजत, शेरेबुकात समाधानाचा शेरा लिहून सही करीत व चहा घेऊन परतत. त्यांच्यातील काहींनी प्रामाणिकपणे काम केले असेलही. पण ज्याला गप्प राहण्याची सवय लावली गेली आहे तो माणूस अधीक्षकाच्या समक्ष, टोपी घातलेल्या पाहुण्यापुढे, आपली फिर्याद मांडील ही अपेक्षाच भाबडी होती. पत्रकार शीला बारसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य ठरविले, आणि ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे आगीत सापडून मेली, तेव्हा तपासणीच्या या साऱ्या इमारतीचा पाया किती ठिसूळ होता ते देशाला दिसले.

२००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली, आणि त्या कराराशी मेळ घालण्यासाठी म्हणून जो कायदा घडत गेला, तो २०१७चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१८पासून अमलात आला. हा कायदा वाचताना प्रथम आनंद होतो. साखळ्यांस बंदी, भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी, समाजात राहण्याचा हक्क, स्वतःचे वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क, फोन करण्याचा व भेटीस आलेल्याला भेटण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क, मोफत विधी साहाय्य, तक्रार करण्याचा हक्क, असे एकेक कलम पुढे येत जाते. ज्याला मोठ्या आधाराची गरज आहे अशा माणसास त्याच्या संमतीवाचून दाखल करायचे तर मुदत तीस दिवसांची. स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत व इतरांच्या बाबतीत सात दिवसांत पुनर्विलोकन मंडळास कळविण्याचे बंधन. त्यापुढे ठेवायचे तर मंडळाची परवानगी हवी, आणि तीही प्रथम नव्वद, मग एकशे वीस, मग एकशे ऐंशी दिवसांपुरतीच.

आनंद ओसरतो तो रुग्णाच्या वतीने अर्ज कोणी करायचा या प्रश्नापाशी. रुग्णाच्या वतीने बोलणारा म्हणून कायद्याने ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ निर्माण केला आहे. रुग्णाने शुद्धीत असताना कोणाला नेमून ठेवले असेल तर तो. पण असे लिखित नेमणूकपत्र करून ठेवणारे किती असतील, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या घरावरून करावा. त्याने नेमले नसेल तर नातेवाईक, मग सांभाळ करणारा, मग मंडळाने ठरविलेली योग्य व्यक्ती, आणि कोणीच न सापडल्यास समाजकल्याण खात्याचे संचालक. म्हणजे ज्या पतीने पत्नीस दाखल केले, जो तिला परत नेण्यास राजी नाही, आणि जिच्या अनुपस्थितीत ज्याची गृहस्थी सुरळीत चालली आहे, त्यालाच तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार सामान्यतः प्राप्त होतो. आणि तो नाहीसा झाला तर तो अधिकार एका अशा अधिकाऱ्याकडे जातो, ज्याच्या टेबलावर सबंध राज्याचे कागद आहेत. वादी व प्रतिवादी यांचा वकील एकच असावा, अशी व्यवस्था दिवाणी दाव्यात कोणी सहन केली नसती.

पुनर्विलोकन मंडळाची घटनाही याच दृष्टीने तपासण्याजोगी आहे. जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्याचा प्रतिनिधी, एक मानसोपचारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि उरलेल्या दोन जागांवर मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, किंवा त्यांचा सांभाळ करणारे, किंवा त्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी, किंवा या क्षेत्रातील स्वयंसेवी संस्थांचे लोक. या तीन ‘किंवां’मुळे कायदा तंतोतंत पाळूनही, ज्याने वॉर्डातील रात्र स्वतः काढली आहे असा एकही माणूस मंडळावर न घेणे शक्य होते. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या बाबतीत आजार असलेल्या वा पूर्वी होऊन गेलेल्या व्यक्तींच्या दोघा प्रतिनिधींसाठी जागा वेगळ्या ठेवल्या आहेत. मग जेथे प्रत्यक्ष एकेका माणसाच्या सुटकेचा निवाडा होतो, तेथे ती दक्षता का विसरली गेली, हे मला आजवर उमगलेले नाही.

समदुःख्याने समदुःख्याचा कैवार घ्यावा, ही गोष्ट जुनी आहे. पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात १७९७ साली वेड्यांच्या बेड्या काढणारा झाँ-बाप्तिस्त प्यूसँ हा मूळचा तेथलाच एक रुग्ण, आणि बरे झालेल्या रुग्णांनाच परिचारक म्हणून घेण्याची त्याची रीत होती. कीर्ती मात्र तेथील पदवीधर डॉक्टर पिनेल यांच्या वाट्याला आली. इंग्लंडचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा पुत्र जॉन खाजगी वेडगृहांत काही वर्षे कोंडला गेला होता. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी १८४५ साली लंडनमध्ये वेडे ठरविलेल्यांच्या मित्रांची एक संस्थाच काढली. अमेरिकेत स्वतः रुग्ण राहून गेलेल्या क्लिफर्ड बिअर्स यांचे आत्मकथन १९०८ साली आले, तशाच ज्युडी चेंबरलिन यांचे पुस्तक १९७८ साली. या साऱ्यांतून दोन भिन्न प्रवाह निघाले आणि त्यांची गल्लत करू नये. नेदरलँड्समध्ये १९८१पासून रुग्णालयाशी संबंध नसलेला, रुग्णाच्याच बाजूने बोलणारा विश्वासू मनुष्य नेमण्याची व्यवस्था आली; इंग्लंडमध्ये २००९पासून तसा स्वतंत्र कैवारी मिळणे हा सक्तीने दाखल केलेल्याचा कायदेशीर हक्क झाला. हे लोक स्वतंत्र असतात, समदुःखी असतीलच असे नाही. उलट रुग्णांच्या स्वयंसाहाय्य गटांत समदुःखी पुष्कळ सापडतात, पण वॉर्डात शिरण्याचा हुकूम त्यांच्या खिशात नसतो. जपानने २०२४ साली, घरचे कोणी नसल्याने नगरप्रमुखांच्या संमतीने दाखल केलेल्यांसाठी बाहेरून भेटीस जाणाऱ्यांची योजना सुरू केली. ज्यांना नातेवाईक नाहीत त्यांच्यापासून आरंभ करण्याचे हे शहाणपण ठाण्याला विशेष उपयोगी पडण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात या दिशेने जे काम झाले आहे, त्यातील सर्वांत बोलके उदाहरण मनोरुग्णांच्या चळवळीतले म्हणून सहसा सांगितले जात नाही. १९८६ साली अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. आणि तेथे व्यसनातून बाहेर पडलेला माणूसच नव्याने आलेल्याचा सोबती, समुपदेशक व पुढे संस्थेचा पगारी कार्यकर्ता होतो, ही गोष्ट महाराष्ट्राने इतक्या सहजतेने स्वीकारली की तीत काही क्रांतिकारक आहे असे कोणास वाटलेही नाही. दारूतून उठलेल्याच्या शब्दाला जे वजन आपण देतो, ते स्किझोफ्रेनियातून उठलेल्याच्या शब्दाला देण्यास आपण कचरतो. एकाच आवाराच्या दोन इमारतींत दोन न्याय चालत आले.

स्किझोफ्रेनियाच्या क्षेत्रात कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने पुण्यात उभ्या राहिलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने कुटुंबीयांचे व शुभार्थींचे, म्हणजे आजार असलेल्यांचे, गट बांधले. २००४ सालच्या ‘देवराई’ या चित्रपटामागे वाणींचाच पाठिंबा होता, आणि मराठी मध्यमवर्गात या आजाराविषयी उघडपणे बोलण्याची सुरुवात त्या चित्रपटाने बरीच केली. येथे आवाज मुख्यतः आई, वडील, बहीण, भाऊ यांचा. अगदी वेगळ्या प्रकृतीचे काम भार्गवी दावर यांचे. त्यांच्या आईला वारंवार मनोरुग्णालयांत राहावे लागले आणि त्या संस्थांचे जग त्यांनी बालपणीच पाहिले. आईच्याच नावाने त्यांनी १९९९ साली पुण्यात बापू ट्रस्ट स्थापन केला, ‘आईना’ हे वार्तापत्र चालविले, पुण्याच्या वस्त्यांत ‘सेहेर’ हा उपक्रम उभा केला, आणि संमतीवाचून उपचार हा कोणत्याही परिस्थितीत अन्यायच, ही भूमिका २०२४ साली निधन होईपर्यंत सोडली नाही. पुण्यातीलच डॉ. सौमित्र पाथरे २०१७च्या कायद्याच्या घडणीत प्रमुख होते. त्यांच्या संस्थेने गुजरातच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांचे हक्क तपासण्याचा जो प्रयोग केला, त्यात आजारातून गेलेल्यांना प्रशिक्षण देऊन सोबती म्हणून उभे करण्यात आले. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘तराशा’ प्रकल्पाने मनोरुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांसाठी निवारा, नोकरी व मैत्रिणी यांची जुळवाजुळव केली. आणि दहिसर-बोरिवलीच्या पट्ट्यात, म्हणजे मीरा रोडच्या अगदी शेजारी, डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली आरंभिलेल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने रस्त्यावर भटकणाऱ्या हजारोंना बरे करून दूरदूरच्या गावी घरच्यांच्या हाती सोपविले, डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो त्यासाठीच. हे काम थोर आहे. पण ते डॉक्टरांचे वात्सल्य आहे, आणि वात्सल्याला वकिलीची जागा घेता येत नाही.

वकिली म्हणजे नेमके काय, हे वॉर्डात जवळून पाहावे. एक माणूस सकाळपासून भिंतीच्या कडेने येरझारा घालतो आहे. केसपेपरवर ‘अस्वस्थ’ असा शेरा पडतो आणि मात्रा वाढते. ज्याने हॅलोपेरिडॉल स्वतः घेतले आहे त्याला ठाऊक असते की ही अस्वस्थता त्याच गोळीची असू शकते, पायांत मुंग्या भरल्यासारखे होऊन एके जागी बसवत नाही. तो डॉक्टरांना भांडून नव्हे, पण नेटाने विचारतो की, मात्रा वाढविण्यापूर्वी ही शक्यता पाहिली आहे काय. दुसऱ्याला संमतीपत्रावर सही करायची आहे, पण हात कापतो आणि दाखल होताना काढून ठेवलेला चष्मा कपाटातच राहिला आहे. अशिक्षित समजून त्याचा अंगठा घेतला जातो. तिसरी बाई फोन करायचा म्हणते, नंबर पाठ आहे, पण सिस्टर पाळी बदलताना म्हणते, ‘उद्या बघू.’ नातेवाईक या गोष्टी पाहत नाही, कारण तो भेटीच्या खोलीपलीकडे जात नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पाहत नाही, कारण त्याला काय विचारावे हेच ठाऊक नसते. पूर्वी त्याच खाटेवर झोपलेला माणूस प्रथम चष्मा शोधतो.

अशा बऱ्या झालेल्या माणसाला वॉर्डात सोबती म्हणून नेमण्याच्या कल्पनेवरचे आक्षेप हलक्याने घेण्यासारखे नाहीत. शेकडो रुग्णांमागे मूठभर मानसोपचारतज्ज्ञ असताना आणखी एक प्रश्न विचारणारा दारात उभा राहिला, तर डॉक्टरांना ते हेत्वारोपासारखे वाटते, आणि त्यांच्या त्राग्यात तथ्य आहे. सोबत्याचाच आजार उलटला तर काय, असेही विचारले जाते. तर त्याने रजा घ्यावी, जशी मधुमेह बळावलेला डॉक्टर घेतो. अधिक अवघड वाद चळवळीच्या पोटातलाच आहे. दावर यांच्या मते सक्तीच्या दाखल्याची चौकट मान्य करून तिच्यात कैवारी बसविणे म्हणजे तुरुंगाला खिडकी पाडून त्याला घर म्हणणे होय. पाथरे यांच्या पंथाचे म्हणणे असे की, सक्ती संपण्याचा दिवस उजाडेपर्यंत आत असलेल्या माणसाला आज रात्री कोणीतरी हवे. मला दुसरे म्हणणे अधिक जवळचे वाटते, परंतु पहिले नसते तर दुसरे इतके सौम्य व समंजस कोणाला वाटले असते, याचीही शंका येते. एक बोच मात्र दोन्ही पक्षांना लागू आहे: आपले अनुभव सभासंमेलनांत मांडणारे समदुःखी बहुतेक शिकलेले, इंग्रजी जाणणारे व घर असलेले आहेत, आणि ठाण्याच्या स्त्री-विभागातील अनाम बाईशी त्यांचे दुःख सम आहे असे म्हणताना थोडा संकोच वाटावा.

म्हणून त्या बाईचाच विचार करून व्यवस्था आखली पाहिजे. सोबती पगारी असावा, कारण फुकट काम करण्याची ऐपत ज्यांची आहे तेच मग सोबती होतात. पगार रुग्णालयाच्या खात्यातून मिळू नये, नाहीतर वर्षभरात तो अटेंडंटांचा आणखी एक मुकादम होईल. वॉर्डात केव्हाही जाण्याचा, एकांतात बोलण्याचा आणि मंडळापुढे रुग्णासोबत हजर राहण्याचा अधिकार त्याला लेखी असावा. त्याचे काम दाखल्याच्या दिवसापासून सुरू व्हावे, डिस्चार्जच्या दिवसापासून नव्हे.

मीरा-भाईंदरपुरते बोलायचे तर दोन गोष्टी ठळक दिसतात. कायद्याच्या शंभराव्या कलमान्वये निराधार भटकणारा मनोरुग्ण आढळला तर पोलिसांनी त्याला संरक्षणाखाली घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते, कोठडीत ठेवायचे नसते, आणि कुटुंबाचा शोध घेण्यासाठी हरवल्याची नोंद करायची असते. २०२०पासून या शहराला वसई-विरारसह स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. रेल्वे स्थानके, महामार्गाचा नाका आणि किनारा हे तिन्ही त्याच्या हद्दीत असल्याने अशा नोंदी येथे सतत होत राहणार, आणि नोंद करतानाच एखादा प्रशिक्षित सोबती पोलीस ठाण्यात हजर असेल तर माणसाचे नाव, गाव व बोली हाती लागण्याची शक्यता किती तरी वाढेल. दोन गोळ्यांनंतर ती तेवढी उरत नाही. दुसरी गोष्ट पत्त्याची. या शहरातील असंख्य कुटुंबे अकरा महिन्यांच्या करारावर राहतात; मुलगा ठाण्याच्या मनोरुग्णालयात असताना करार संपतो, कुटुंब नालासोपाऱ्याला किंवा थेट मूळ गावी निघून जाते, रुग्णालयाचे पत्र जुन्या इमारतीच्या वॉचमनकडून परत येते आणि दप्तरी ‘नातेवाईक सापडत नाहीत’ असे लिहून फाइल मिटते. त्यात कोणाची दुष्टता नसते. पण त्या माणसाला बारा वर्षे आत ठेवण्यास तेवढी ओळ पुरते, आणि नवा पत्ता शोधायला गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयात, रेशन दुकानात, मुलाच्या जुन्या कामाच्या जागी फिरणारे पाय रुग्णालयाच्या आस्थापनेत मंजूर नाहीत.

महानगरपालिकेची स्वतःची रुग्णालये आहेत, आरोग्य विभाग आहे, अपंग कल्याणासाठी अर्थसंकल्पात राखून ठेवण्याचा निधी आहे. शहरातील बऱ्या झालेल्या चार-सहा जणांना मानधन देऊन ठाण्याच्या मनोरुग्णालयातील मीरा-भाईंदरकरांची नियमित भेट घेण्यास पाठविणे तिच्या आवाक्याबाहेरचे नाही. त्यासाठी प्रथम ठाण्यात या शहराचे किती लोक आहेत याची यादी मागवावी लागेल, आणि पुनर्विलोकन मंडळावरील त्या दोन जागांवर सध्या कोण बसले आहे हेही विचारावे लागेल. माहितीच्या अधिकाराखाली अशा अर्जास दहा रुपये लागतात.